ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं जपानी गाव खरंच आहे का?

तुम्ही विचारलंय की व्हॉट्सॲपवर ज्याचा फोटो फिरतोय ते जपानी बेट, हिरव्या परातीत मधोमध वाटी उपडी घातल्यासारखं, खरं आहे की संगणकाची करामत? आणि खरं असेल तर माणसं ज्वालामुखीच्या तोंडात राहतात कशी?

बेट खरं, फोटोही खरा. गाव ज्वालामुखीच्या तोंडात आहे, हा फोटोखालचा मजकूर तेवढा अर्धवट. मी टोकियोत नोकरीला असतो, मागच्या मे महिन्यात तिथे जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

नाव आओगाशिमा. टोकियोच्या दक्षिणेला जवळजवळ ३६० किलोमीटर भर समुद्रात, तरी कागदोपत्री टोकियोच. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर शिनागावा, म्हणजे टोकियो शहरातल्या एका भागाचं नाव, लिहिलेलं असतं, हे बघून मला तिथेच हसू आलं. क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरच्या आत, आणि २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १६९. एवढ्याशा गावाला स्वतःचं गाव-कार्यालय, निवडून दिलेला गावप्रमुख, शाळा, दवाखाना सगळं आहे. जपानमधली सगळ्यात कमी लोकवस्तीची स्थानिक स्वराज्य संस्था हीच. पत्त्यात घर क्रमांक नाही, नुसतं ‘आओगाशिमा गाव, बिननंबरी’ लिहिलं की पत्र पोचतं.

आता ती परात. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा. चारी बाजूंनी सरळसोट कडे, पुळण म्हणून नाही. माथ्यावर सुमारे दीड किलोमीटर रुंदीचा खोलगट भाग आहे, त्याला इकेनोसावा म्हणतात, आणि त्याच्या मध्ये मारुयामा ही टेकडी. वस्ती या परातीत नाही. ती उत्तरेकडे, काठाच्या बाहेरच्या उतारावर आहे. आत जायला डोंगर पोखरून बोगदा काढलाय.

‘इके’ म्हणजे तळं. तळं मात्र आज शोधूनही सापडत नाही, कारण ते उद्रेकात गेलं. १७८०पासून धक्के बसू लागले, १७८३मध्ये दगड-राखेचा मारा झाला, आणि १७८५च्या वसंतात बेटच पेटलं. मारुयामा ही त्याच वर्षांतली पैदास. तेव्हा बेटावर तीनशेवर माणसं होती. सत्तर किलोमीटरवरच्या हाचिजोजिमा बेटावरून होड्या आल्या, दोनशेच्या आसपास लोक वाचले. उरलेले, सुमारे १३०, मागेच राहिले आणि मेले.

माझ्या मते या बेटाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. फोटो बघणाऱ्याला ती कळत नाही. वाचलेले लोक हाचिजोजिमावर निर्वासित झाले, आणि त्या बेटाला स्वतःलाच धान्य पुरत नव्हतं. मग अधूनमधून काही जण परत जाऊन राख उपसायचे, शेतं मोकळी करायचे. उंदरांनी पिकं फस्त केली. सामान घेऊन निघालेल्या होड्या वाऱ्यानं भरकटल्या, माणसं बुडाली. १८१७मध्ये सासाकी जिरोदायू हे गावचे मुखिया झाले आणि त्यांनी परतण्याची योजना पुन्हा नीट आखून घेतली. १८२४मध्ये बहुतेक लोक परतले. १८३५मध्ये जमिनीची मोजणी झाली आणि गाव पुन्हा वसलं असं सरकारदरबारी नोंदलं गेलं. म्हणजे पन्नास वर्षं! जे होडीत चढले त्यांतले किती जण परतीच्या वेळी हयात असतील, हिशोब करा. या परतण्याला तिथे ‘कांजू’ म्हणतात. बेटाच्या जुन्या बोटीचं नावही कांजूमारू होतं.

एकटेपणा पुढेही सुटला नाही. दळणवळणाच्या अडचणीमुळे या गावाला देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देता आलं ते १९५६ साली.

आज ज्वालामुखी शांत आहे, पण थंड नाही. इकेनोसावात जमिनीच्या भेगांतून वाफ येते. तिला स्थानिक बोलीत ‘हिंग्या’ म्हणतात. (हिंगाशी संबंध नाही, मीही आधी तेच विचारलं. ‘आगीच्या कडेची जागा’ असा काहीसा अर्थ सांगतात.) त्या वाफेवर चालणाऱ्या सामायिक भट्ट्या बांधल्यात. मी दुकानातून अंडी आणि रताळी घेऊन गेलो, जाळीच्या टोपलीत ठेवली, झाकण लावलं, झडप फिरवली. तास-दीड तासानं झाकण उचललं तर चष्म्यावर वाफ बसून काही दिसेना. रताळं सालासकट मऊ, हातात धरवत नव्हतं. मीठही त्याच वाफेवर समुद्राचं पाणी आटवून करतात. मी एक पिशवी आणली, आमटीत चालतं. रताळ्याची दारूही घरोघरच्या हातची, दरेकाची चव वेगळी.

जायचं असेल तर आधी हाचिजोजिमा गाठा, विमानानं तासाभरात होतं. पुढे रोज एकदा नऊ आसनी हेलिकॉप्टर, वीस मिनिटं. त्याची जागा मिळणं कठीण. नाहीतर बोट, तीनेक तास. बोट लाटा बघून निघते किंवा निघतच नाही. माझी परतीची बोट रद्द झाली आणि ऑफिसला फोन करून एक दिवस वाढवून मागावा लागला. तेव्हा दोन दिवसांची रजा जास्तीची टाका, आणि मुक्कामाची सोय आधी पक्की केल्याशिवाय निघू नका.