पहिलीच्या वर्गाला हस्तकला घेताय ना, मग आधी लग्नपत्रिका जमवा

अगं ताई, दुकानातून कार्डशीट आणू नकोस एवढ्यात, ४० पोरांना पुरवताना पगार संपेल. घरोघरी जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, पालकांना सांग, पोतंभर येतात. कागद जाड, चकचकीत, त्यावरचा गणपती मात्र नीट कापून वेगळा ठेव, कोणाच्या पायाखाली यायला नको. उरलेल्या पट्ट्यांना पंच मारून लोकर ओवली की बुकमार्क तयार, त्यावर मुलाचं नाव तू स्वतःच्या हाताने लिही. माझ्या वर्गातल्या एका पोरीने तो चौथीपर्यंत पुस्तकात जपला होता, कडा पार मऊ झालेल्या.

डिंकाच्या बाटल्या पण नकोत, खळ कर. २ चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालव, गुठळी राहू देऊ नको, मग कपभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत रहा, पारदर्शक दिसायला लागली की उतरव. जुने लोक त्यात मोरचूद घालायचे, तू अजिबात घालू नकोस, विषारी असतं आणि पहिलीची पोरं बोटं तोंडात घालतातच. दोन दिवसात आंबते म्हणून थोडीच कर.

राखीला लोकरीचा गोंडा आणि वर एक टिकली बास. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी मी कागदी पुडीत झेंडूच्या बिया देते, दसऱ्याच्या हारातली वाळलेली फुलं कुस्करली की निघतात.