चंब्याची वंशावळ खरी मानायची का?

तुम्ही विचारलंय की हिमाचलातल्या चंबा-भरमौरच्या सहलीत स्थानिक वाटाड्याने सांगितलं, हे राज्य 550 साली मरु नावाच्या राजाने स्थापलं आणि तेव्हापासून सलग चाललं. इथे एकाने लगेच "सगळं भाकड" असा शेरा मारला. दोन्ही टोकं मला पटत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी या डोंगरी राज्यांच्या कोरीव लेखांच्या मागे आहे, दोनदा भरमौरला जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत आपण जसा फरक करतो, तसाच तिथे वंशावळ (राजघराण्याची परंपरेने लिहिलेली यादी) आणि ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र) यांत करायला हवा. वंशावळीत राजांची नावं, पराक्रम, चमत्कार सगळं आहे, पण भरवशाचं साल नाही. 550 हा आकडा पिढ्या मोजत मागे जाऊन काढलेला अंदाज आहे. मरुचा एकही लेख नाही. तो नाकारायचं कारण नाही, पण त्याच्या नावापुढे साल लिहिणं मला चुकीचं वाटतं.

जमीन पायाखाली लागते ती मेरुवर्म्यापाशी. भरमौर म्हणजे जुनं ब्रह्मपूर. तिथल्या लाकडी देवळात लक्षणादेवीची पितळी मूर्ती आहे: महिषाच्या डोक्यावर पाय, त्याच डोक्यात त्रिशूळ, आणि शेपटी धरून देवीने त्याला मागून उचललेलं. खाली पीठावर, म्हणजे मूर्तीच्या बैठकीवर, लेख आहे. मी प्रथम गेलो तेव्हा गाभाऱ्यात अंधार होता आणि पीठावरून ओढणी सोडलेली. पुजारीबाबांनी ती बाजूला करून दिवा जवळ धरला, तेव्हा अक्षरं दिसली. राजा मेरुवर्मा, बाप दिवाकरवर्मा, आजा बलवर्मा, पणजा आदित्यवर्मा, आणि मूर्ती घडवणारा गुग्ग. संस्कृत अशुद्ध आहे, व्याकरण जागोजागी ढळतं, पण कारागिराचं नाव राजाच्या नावासोबत टिकलंय. गणेश, नंदी आणि छतराडीची शक्तिदेवी यांवरही मेरुवर्म्याचे लेख आहेत. साल एकावरही नाही. अक्षरांच्या वळणावरून काळ साधारण 700च्या आसपास धरतात. म्हणजे भरमौरला तेव्हा चार पिढ्यांचं घराणं होतं, इतकं नक्की.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चंबा वसवणाऱ्या साहिलवर्म्याच्या राणीचा. कथा तुम्हाला ठाऊक आहे: नव्या नगराला पाणी येईना, राणीने स्वतःला जिवंत पुरून घेतलं आणि पाटाला पाणी आलं. तिच्या स्मरणार्थ आजही चंब्यात सुहीची जत्रा भरते, बायका-मुलं तिची गाणी म्हणतात. लोक तिला सुनयना किंवा नैनादेवी म्हणतात. साहिलाचा मुलगा युगाकरवर्मा याचा एक ताम्रपट आहे, भरमौरच्या नरसिंह मंदिराला जमीन दिल्याचा. त्यात तो आईबापांची नावं देतो: साहिल्ल आणि नेन्ना. बलिदानाचा शब्दही नाही, आणि जमिनीच्या दानपत्रात तो असायचं कारणही नाही. पण हजार वर्षं गाण्यात राहिलेलं नाव तांब्यावरच्या नावाच्या इतकं जवळ यावं, याने मी फार हललो. कथा सिद्ध होत नाही, तरी लोकांनी माणूस हवेतून काढला नव्हता.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र चंब्याच्या बाहेरून येतो. कल्हणाच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या काव्यमय इतिहासात, काश्मीरचा राजा अनंत चंपेच्या (चंब्याच्या) साल नावाच्या राजाला गादीवरून काढतो. पुढे अनंताचा मुलगा कलश याच्या कारकिर्दीत, 1087-88च्या हिवाळ्यात, आठ डोंगरी राजे श्रीनगरला जमतात: राजपुरीचा, म्हणजे आजच्या राजौरीचा, वल्लापूरचा, काष्ठवाटचा (किश्तवाडचा), आणि त्यांतच चंपेचा आसट. आता चंब्याचे ताम्रपट उघडा. तिथे सालवाहन (कल्हणाचा साल) आहे, त्याचा मुलगा सोमवर्मा आहे आणि आसटही आहे. एकीकडे काश्मीरचा कवी, दुसरीकडे जमिनीच्या दानाचा तांब्याचा पत्रा. दोघांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही, तरी माणसं तीच निघतात. शिवाय आसटाची बहीण बप्पिका कलशाला दिलेली होती आणि पुढे काश्मीरचा राजा झालेला हर्ष हा तिचाच मुलगा. ही राज्यं दऱ्यांत कोंडून पडलेली नव्हती, सोयरिकी आणि भांडणं दोन्ही घाट ओलांडून चालत.

सालांचा घोळ का होतो तेही सांगतो. तिकडे सप्तर्षी किंवा लौकिक संवत चाले, चंब्यात त्याला शास्त्र संवत म्हणत. तो लिहिताना शतक गाळायची रीत होती. कल्हणाचं वर्ष नुसतं 63 आहे. त्यात 24-25 मिळवले की इसवी शतकातलं वर्ष येतं, पण शतक कोणतं ते राजाच्या नावावरून आपणच ठरवायचं. नाव चुकलं की पूर्ण शंभर वर्षांचा फरक पडतो.

आणि फक्त राजांची यादी पाहू नका. वंशावळीत राणे, म्हणजे स्थानिक सरदार (लेखांतले राजानक), जवळजवळ दिसतच नाहीत, आणि खोऱ्याखोऱ्यांत खरा कारभार त्यांचा होता. ते भेटतात पणिहारांवर, पाण्याच्या झऱ्याशी उभ्या केलेल्या कोरीव शिळांवर. चंब्याच्याच चुराह भागातल्या देवी-री-कोठी गावची 12व्या शतकातली शिळा राजानक नागपालाच्या आईची, बल्हेची हकिगत सांगते. नवरा गेल्यावर ती सती जायला निघाली, मुलांनी अडवलं. मग तिने उपासतापास आणि दानधर्मात आयुष्य काढलं आणि पतीच्या परलोकातल्या सुखासाठी हे पाणी बांधलं. शारदा लिपीतल्या त्या ओळी वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं.

राहिला "राज्य कधीपासून" हा वाद. डोंगरात राज्यं मरुच्या कितीतरी आधीपासून होती. पाणिनी त्रिगर्तांचा (कांगड्याकडच्या लोकांचा) सहा जणांचा लढवय्या संघ सांगतो. कुणिंद या जुन्या डोंगरी लोकांच्या अमोघभूती राजाची चांदीची नाणी आहेत, हरीण आणि लक्ष्मी असलेली, ब्राह्मी आणि खरोष्ठी दोन्ही लिपींत. कुलूतचा (कुल्लूचा) वीरयशस नाण्यावर स्वतःला राजा म्हणवतो, तोही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. तेव्हा 550 खरं की खोटं यावर फार जीव टाकू नका.

पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी चंब्यात भूरी सिंग संग्रहालयात अर्धा दिवस द्या. ताम्रपट आणि पणिहार शिळा तिथे एकाच ठिकाणी बघायला मिळतात. मग भरमौरला सकाळी लवकर जा, गर्दी नसताना, आणि पुजाऱ्यांना विनंती करून पीठ पाहा. आधी "मेरुवर्म" ही अक्षरं ओळखा, बाकीचं त्यांच्या आधाराने लागत जातं. फोटो काढू दिले तर इथे टाका, मी बसून वाचून देईन.