प्रतिसाद घटला की मन का खचते?

समुपदेशनासाठी येणारे अनेकजण मुख्य तक्रार सांगून झाल्यावर, थोडे ओशाळून, एक प्रश्न विचारतात: ‘मी समाजमाध्यमांवर लिहितो, लोकांनी ओळखावे असे मला वाटते, आणि प्रतिसाद घटला की कशातच मन लागत नाही, हा माझा कमकुवतपणा आहे का, आणि लिहिणे सोडून द्यावे का?’ या प्रश्नाकडे मी कशी पाहते, ते एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई डिचोली तालुक्यातल्या, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करणाऱ्या. घरात कोकणी बोलायची आणि लिहायचे ते मराठीत, ही गोव्यातल्या अनेक कुटुंबांची रीत त्यांच्याकडेही होती. तायकिळा, कुडूक, आकूर अशा पावसाळी रानभाज्यांवर त्यांनी हौसेने ब्लॉग सुरू केला. एका चवथीला त्यांनी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायच्या रानफळांवर लिहिले, छायाचित्रांसह ते इन्स्टाग्रामवर टाकले आणि ते मुंबई-पुण्याच्या गोवेकरांपर्यंत पोहोचले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अनोळखी बायका त्यांना थांबवून बोलू लागल्या. काही हजार फॉलोअर्सना मोठ्या शहरात कोणी प्रसिद्धी म्हणणार नाही. पण जिथे दोन वाक्यांत ‘तुम्ही अमक्यांच्या सून ना?’ इथपर्यंत ओळख पोहोचते, त्या गोव्यात एवढी प्रसिद्धी भरपूर होते.

पुढे त्यांनी सासूबाईंशी माटोळीवरून झालेली कुरबूर खुसखुशीत शैलीत लिहिली आणि तिला रानफळांच्या लेखापेक्षा कितीतरी जास्त वाचक मिळाले. मग घरातला प्रत्येक प्रसंग घडत असतानाच त्यांच्या मनात त्याचा मजकूर तयार होऊ लागला. देवळात एका नातेवाईक बाईंनी त्या कुरबुरीची चौकशी केली, तेव्हा सासूबाईंनी अबोला धरला. त्याच सुमारास प्रतिसादही उतरला. रात्री जाग आली की फोन पाहायचा आणि दिवसा कामात चुका व्हायच्या, अशा अवस्थेत त्या माझ्याकडे आल्या.

प्रथम मी झोप, भूक आणि मनात येणारे विचार यांची नीट विचारपूस केली. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस टिकले असेल, अथवा जगणे नकोसे वाटत असेल, तर समुपदेशनावर थांबू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा अन्य मनोविकारतज्ज्ञांकडे जावे, अथवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. या बाईंची स्थिती तशी नव्हती.

लोकांनी ओळखावे असे वाटण्यात मला काहीही वावगे दिसत नाही. बाईंचे वडील जत्रेतल्या मराठी नाटकांत कामे करीत आणि गावात कित्येक वर्षे ते एका भूमिकेच्या नावाने ओळखले जात. प्रयोग कसा झाला हे त्यांना कसे कळायचे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या दिवशी तिठ्यावर लोक बोलायचे, चुकलेले वाक्यही तोंडावर सांगायचे, मग वर्षभर विषय बंद.’ वडिलांना दाद देणारी माणसे चेहऱ्याने ठाऊक होती आणि पहाटे नाटक संपत असे. मुलीचा प्रयोग मात्र कधी संपतच नाही आणि पुढे कोण बसले आहे तेही दिसत नाही, हा फरक त्यांनीच पुढे मांडला. बक्षीस अनिश्चित अंतराने मिळत राहिले की ती कृती सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. फोन पुन्हा पुन्हा उघडण्यामागे बऱ्याच अंशी हेच असते, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दुबळे ठरवण्याचे कारण नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या, त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आधार घेऊन आम्ही त्यांच्या मनातले वाक्य कागदावर उतरवले: ‘लोकांनी वाचलेच पाहिजे, नाहीतर मी कोणीच नाही.’ वाचले जावे ही इच्छा त्यांनी ठेवायची होती. वाक्याचा उत्तरार्ध मात्र तपासायचा होता. त्यासाठी त्यांनी फोनवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद केल्या, इन्स्टाग्रामने २०२१ पासून दिलेल्या सोयीने ‘लाइक’चे आकडे झाकले आणि प्रतिसाद संध्याकाळी एकदाच पाहायचा असे ठरवले. पाहण्याआधी ‘आज कमी असेल तर काय होईल’ ते वहीत लिहायचे आणि नंतर प्रत्यक्ष काय झाले तेही लिहायचे. सुरुवातीला अस्वस्थता वाढली, जी अपेक्षितच होती. हळूहळू वहीतले अंदाज आणि घडलेले यांतली तफावत त्यांना स्वतःलाच दिसू लागली, आणि माझ्या समजावण्याचा जेवढा उपयोग झाला नव्हता तेवढा त्या वहीचा झाला.

घरच्या मजकुराचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण वाचक नेमका तोच मागत होते. ज्या माणसाबद्दल लिहिले आहे त्याला आधी वाचून दाखवायचे आणि त्याने नको म्हटले तर टाकायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही ठरवला. (लेखनस्वातंत्र्याचा मुद्दा समुपदेशनाला येणारे काहीजण इथे हमखास काढतात, पण सासूबाईंनी त्या मंचावर खाते उघडलेले नसते, हे ते विसरतात.) कुरबुरीचा मजकूर त्यांनी काढून टाकला आणि सासूबाईंची माफी मागितली. अबोला लगेच सुटला नाही.

नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामाला लागावे का, असेही त्यांनी विचारले. निर्णय त्यांचाच होता. मी फक्त घरखर्चाचा आणि आजवर यातून मिळालेल्या पैशांचा ताळेबंद मांडायला सांगितला. हिशेबाचे काम करणाऱ्या बाईंना तो मांडायला फार वेळ लागला नाही आणि त्यांनी नोकरी ठेवली. आता त्या पुन्हा रानभाज्यांवर लिहितात. वाचक पूर्वीपेक्षा कमी आहेत, एखाद्या रात्री फोन अजूनही उघडला जातो, आणि कुडूक कशी साफ करायची हे सासूबाईंच्या तोंडून लिहून घ्यायची त्यांची इच्छा आहे. सासूबाईंनी त्याला अद्याप होकार दिलेला नाही.