दिवस राहिले, आता पीसीओएसच्या गोळ्यांचं काय?

पीसीओएस, म्हणजे आपण सर्रास ज्याला पीसीओडी म्हणतो तो, संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाचा त्रास, असताना दिवस राहिले तर पुढे काय, याविषयीची पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एक काळजी सारखी दिसते : अंडाशयातल्या 'गाठी' बाळाला त्रास देतील का? सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांचा बाळाला काही उपद्रव होत नाही. गरोदरपणात लक्ष ठेवायचं ते आठवड्यांच्या हिशोबावर, साखरेवर आणि रक्तदाबावर.

प्रश्न : पाळी नियमित व्हावी म्हणून वर्षभर मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ती साखरेची गोळी) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेते आहे. आता दिवस राहिलेत. सासूबाई म्हणतात, सगळ्या गोळ्या बंद कर. मैत्रीण म्हणते, बंद केलीस तर गर्भ टिकणार नाही. कुणाचं ऐकू? (एक वाचक, सातारा)

आधी आपल्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा : ही गोळी मला नेमकी कशासाठी दिली होती? मधुमेह असेल किंवा साखर आधीपासून वर असेल, तर ती मनानं अजिबात थांबवू नका. पाचव्या ते आठव्या आठवड्यात बाळाचं हृदय आणि मणका घडत असतात. त्या दिवसांत आईची साखर वाढलेली असणं गोळीपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे.

फक्त पाळीसाठी किंवा बीज तयार व्हावं म्हणून दिली असेल, तर तिचं काम झालं. अशा वेळी बहुतेक डॉक्टर ती थांबवतात. नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँडमध्ये पीसीओएस असलेल्या ४८७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना पहिल्या तिमाहीपासून बाळंतपणापर्यंत रोज २००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिलं, निम्म्या जणींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. गरोदरपणातला मधुमेह दोन्हीकडे जवळपास सारखाच झाला, साधारण चौघींत एकीला. म्हणजे 'मधुमेह होऊ नये म्हणून' ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. उशिराचा गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती मात्र मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात कमी दिसली. म्हणून आधी असं काही घडलेलं असेल, तर डॉक्टर विचारपूर्वक ती चालू ठेवू शकतात. मेटफॉर्मिन वारेतून (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत पोहोचतं, आणि ते घेतलेल्या आयांच्या मुलांचं वजन चौथ्या वर्षी थोडं जास्त आढळलं आहे. त्यामुळे कारण असेल तरच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षभर घेतली आहे आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिननं ते कमी होतं.

काही औषधं मात्र दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा : चेहऱ्यावरच्या केसांसाठीचं स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनास्टेराइड (गर्भ मुलग्याचा असेल, तर जननेंद्रियांची वाढ यांनी बिघडू शकते) आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल, तर ते खरं म्हणजे गर्भ राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवायला हवं. पाळीसाठीच्या गर्भनिरोधक गोळ्या नकळत काही दिवस घेतल्या गेल्या असतील, तर घाबरू नका. त्यांनी बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही.

फॉलिक ॲसिड कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही. रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम घ्या. मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता, तर ५ मिलिग्रॅम.

प्रश्न : पाळी ४५ दिवसांनी येते. शेवटच्या पाळीवरून आठ आठवडे झालेत, पण सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसली, ठोके नाहीत. घरचे म्हणतात, पोट साफ करून घ्यावं, म्हणजे गर्भ काढून टाकावा लागेल. (एक वाचक, नाशिक)

थांबा. पीसीओएसमध्ये हा घोटाळा हमखास होतो. आठवडे मोजायची रीत २८ दिवसांच्या पाळीवर बेतलेली आहे, तिच्यात बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं धरलेलं असतं. तुमची पाळी ४५ दिवसांची, म्हणजे बीज साधारण एकतिसाव्या दिवशी सुटलं असणार. हे १७ दिवस वजा करा. ५६ दिवसांचे उरतात ३९, म्हणजे साडेपाच आठवडे. साडेपाच आठवड्यांना पिशवीच दिसते. ठोके दिसायला लागतात सहाव्या आठवड्याच्या आसपास.

रिपोर्ट काढा आणि दोन आकडे बघा. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच गर्भ वाढत नाही असं त्याच दिवशी म्हणता येतं. आकडे त्याहून लहान असतील, तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आणि तोवर पोट साफ करण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. मधल्या दिवसांत एका बाजूला जोरात पोट दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा खूप रक्त गेलं, तर मात्र तडक रुग्णालय गाठा. गर्भ नळीत असण्याची शक्यता असते.

पुढे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून जी प्रसूतीची तारीख निघेल, ती फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि पाळीवरून काढलेली तारीख खोडून टाका. दोन्ही तारखा फाइलमध्ये राहिल्या, तर नवव्या महिन्यात 'दिवस उलटून गेले' म्हणून कळा आणायची घाई होते आणि बाळ प्रत्यक्षात दोन-अडीच आठवड्यांनी लहान असतं.

प्रश्न : पीसीओएस आहे म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं घ्यावी लागतात का?

नुसत्या पीसीओएससाठी नाही. आधी गर्भपात झालेला असेल आणि या वेळी रक्तस्राव होत असेल, तर योनिमार्गात ठेवायच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, १६ आठवड्यांपर्यंत, यांचा उपयोग दिसला आहे.

प्रश्न : लेट्रोझोल ही कॅन्सरची गोळी आहे असं वाचलं. ती घेऊन दिवस राहिलेत. बाळाला धोका आहे का?

ती स्तनाच्या कर्करोगावरही देतात, हे खरं. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, २०१७ मध्ये ती उठली. आज पीसीओएसमध्ये बीज तयार होण्यासाठी पहिली निवड हीच आहे. ती पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसच घेतात आणि गर्भ रुजेपर्यंत शरीरातून बहुतांश निघून गेलेली असते. काळजी घ्यायची ती दुसरीच : पाळी आलीच नाही म्हणून पुढचा कोर्स सुरू करण्याआधी लघवीची गर्भचाचणी करायलाच हवी.

प्रश्न : चौथ्या महिन्यात ग्लुकोज पाजून तपासणी केली, १२८ आलं. आता सातव्यात परत करायला सांगतात. एकदा नॉर्मल आल्यावर परत कशाला? ते पाणी प्यायलं की मला उलटी होते. (एक वाचक, डोंबिवली)

कारण वार मोठी होत जाते, तसतशी तिच्यातली संप्रेरकं इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत. २४ ते २८ आठवड्यांत हा जोर वाढतो. पीसीओएसमध्ये शरीराला मुळातच जास्त इन्सुलिन लागतं, त्यामुळे चौथ्या महिन्यातला १२८ सातव्यात १६० होऊ शकतो. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत एकदा, अशी दोनदा तपासणी हवीच. तीन महिन्यांची सरासरी साखर तिची जागा घेऊ शकत नाही.

सरकारी दवाखान्यांतली पद्धत सोपी आहे. खाल्लेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात, ५ ते १० मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं, तर गरोदरपणातला मधुमेह. खासगी प्रयोगशाळा बहुधा तीन वेळा रक्त घेतात. त्यासाठी रात्रभर उपाशी राहावं लागतं आणि उपाशीपोटी ९२, तासानं १८०, दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला तरी निदान होतं. ग्लुकोज मोजून ७५ ग्रॅमच हवं. मोठ्या पुड्यातून अंदाजानं चमचे घातले, तर आकड्याला अर्थ उरत नाही. उलटीसाठी पाणी गार घ्या, थोडं लिंबू पिळा, घोट घोट प्या, पण दहा मिनिटांत संपवा. मग दोन तास बसून राहा. त्या वेळात बाजारहाट केली, तर साखर खोटी उतरते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी परत. त्यानंतर झाली, तर तपासणी तशीच पुढे चालू ठेवतात.

जास्त आलीच, तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे गाठायचं. सकाळच्या संप्रेरकांमुळे न्याहारीनंतरचा आकडा सगळ्यांत हट्टी असतो. म्हणून ताटलीभर पोह्यांऐवजी अर्धे पोहे, त्यात मूठभर मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे, सोबत वाटीभर दही किंवा एक अंडं. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. या महिन्यांत उपास सोडलेलाच बरा. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. 'दोघांचं खा' म्हणून भातावर भात नको, आणि आकडा उतरावा म्हणून जेवण टाळणंही नको.

घरी ग्लुकोमीटर वापरत असाल, तर आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटावर ११० चा आकडा सहज २०० दिसतो. बोटाच्या टोकाला टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून.

दोन आठवड्यांत आकडे जमले नाहीत, तर इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही, म्हणून त्याला नाही म्हणू नका. 'एकदा लागलं की जन्माचं' हे इथे खरं नाही, बाळंतपणानंतर बहुतेकींचं ते थांबतं.

प्रश्न : ॲस्पिरिनची गोळी दिली आहे. ती हृदयविकाराची ना?

तुमच्यासाठी ती रक्तदाबाच्या गुंतागुंतीपासून बचाव म्हणून आहे. पीसीओएसमध्ये हा धोका वाढतो. वजन जास्त असेल, पहिलटकरीण असाल, तर आणखी. ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री, बाराव्या आठवड्यापासून आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात, छत्तिसाव्यापर्यंत देतात. प्रत्येकीला लागतेच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पट्टा हृदयाच्या उंचीवर ठेवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. १४०/९० दोनदा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आला, किंवा डोकं फुटल्यासारखं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर वेळ न घालवता रुग्णालयात जा.

प्रश्न : बाळंतपणानंतर पीसीओएस जातो का?

जात नाही. काही जणींची पाळी आधीपेक्षा बरी होते, इतकंच. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करा आणि पुढे दर वर्षी साखर बघा. डिंकाचे लाडू खायचेच असतील, तर हा रिपोर्ट आल्यावर, आणि दिवसाला एक. मेटफॉर्मिन पुन्हा लागलं, तरी अंगावर पाजायला हरकत नाही, दुधात फार थोडं उतरतं. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी दिवस मोजण्यावर विसंबू नका. बीज पाळीच्या आधी सुटतं, तुमच्या पाळीचा नेम नसतो, आणि 'आपल्याला सहज राहत नाही' या भरवशावर वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्या कितीतरी जणी असतात. कॉपर-टी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ते राहिलं, तर सहा आठवड्यांच्या भेटीत.