वाचकांचे प्रश्न : ट्रम्पेटवादकाचे जीवन कशाच्या आधारे लिहावे?

प्रश्न : माझे मामा व्यवसायाने ट्रम्पेटवादक होते. तरुणपणी त्यांनी मुंबईत हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवले. अखेरची वर्षे त्यांनी पुण्यात, लष्कर भागात, आमच्याजवळ शिकवण्या करीत काढली. गेल्या वर्षी ते वारले. पहिल्या पुण्यतिथीला एक छोटी पुस्तिका काढावी असे आम्ही भाचरांनी ठरवले आहे. परंतु कोणत्याही श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही आणि त्यांच्या नावाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. हाती आहेत ती काही छायाचित्रे, घरातल्या आठवणी आणि स्वरलिपीच्या कागदांची एक चळत. त्यांतही बऱ्याच कागदांवर स्वर नसून नुसत्या तिरप्या रेघा आहेत. अशा माणसाचे जीवन कसे लिहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या रेघांच्या कागदांपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. जॅझमध्ये मूळ धून सर्वांनी मिळून वाजवून झाली की तिच्याच कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांचे, पुष्कळदा 12 किंवा 32 बारचे (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि एकेक वादक त्यावर त्या क्षणी सुचेल तसे वाजवतो. ख्याल ऐकणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. तिरपी रेघ म्हणजे एक ठोका, आणि रेघांच्या वर रोमन अक्षरे असतील तर ती कॉर्डची नावे आहेत. इतरत्र मामांनी समोर लिहिलेले वाजवले, या जागी मात्र त्यांनी स्वतःचे वाजवले. असे एक पान पुस्तिकेत जसेच्या तसे छापावे. त्यावर पेन्सिलीने काढलेले स्वल्पविराम दिसले तर ते पुसू नयेत, कारण वादक श्वास घेण्याची जागा त्या खुणेने दाखवतात. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटसाठी लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो, हेही ध्यानात असू द्यावे. एरवी पेटीवर वाजवून पाहणाऱ्याला ते कागद दुसऱ्याच गाण्याचे वाटतील.

श्रेयनामावलीत नाव नसणे हा मामांच्या वादनावरचा शेरा नव्हे. वाद्यवृंदातल्या वादकांची नावे पडद्यावर देण्याची प्रथाच त्या काळी नव्हती. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्या, आणि स्वरलिपी सफाईने वाचणाऱ्या कितीतरी वादकांना, त्यांत गोव्याचे पुष्कळ होते, चित्रपटांच्या वाद्यवृंदांनी आधार दिला. हळदोणे येथे 1916 मध्ये जन्मलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईच्या हॉटेलांत गाजले होते. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (1951) या चित्रपटाच्या संगीतात त्यांच्या जॅझचा रंग आजही ऐकू येतो, तरीही ती गाणी गुणगुणणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते? प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले तेही ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधल्या गाण्यामुळे, त्यांच्या वादनामुळे नव्हे. याची मला मनापासून खंत वाटते, आणि म्हणूनच आपली पुस्तिका निघावी अशी इच्छा आहे.

मात्र एका बाबतीत कठोर राहावे लागेल. ‘हे गाणे मामांनी वाजवले’ असे घरात सांगितले जाते तेव्हा त्यांनी त्यातला एकट्याचा तुकडा वाजवला होता की तीन-चार ट्रम्पेटवाल्यांपैकी ते एक होते, हे वेगळे करावे. कागदाच्या डोक्यावर ‘सेकंड ट्रम्पेट’ असे काही लिहिलेले असेल तर दुसरी शक्यता अधिक. त्यात कमीपणा मुळीच नाही. सगळा ताफा एकाच वेळी वाजत असताना एकाची चूक म्हणजे सर्वांचा पुन्हा टेक, आणि अशा कामाला ज्याला वरचेवर बोलावणे येते तो वादक भरवशाचा असतो. जेथे खात्री नाही तेथे ‘त्या ताफ्यात होते’ एवढेच लिहावे. चित्रपटाचे नाव, वर्ष किंवा संगीतकार यांविषयी घोळ असेल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे 1964 पासून पुण्यात आहे, गाण्यांच्या जुन्या पुस्तिका आहेत. त्यांवरून पुष्कळ पडताळणी होते.

परंतु संग्रहालय पुढच्या वर्षीही तेथेच असेल, मामांच्या सोबत्यांचे तसे नाही. म्हणून आधी त्यांच्याकडे जावे, सोबत छायाचित्रे न्यावीत, आणि ‘मामा कसे होते?’ असे न विचारता त्यातल्या एकेका माणसावर बोट ठेवून हा कोण, कोणते वाद्य वाजवायचा, बँडचा म्होरक्या कोण, रात्री किती वाजता सुटायचे, पैसे रोज मिळत की महिन्याला, असे विचारावे. मामांचा एकट्याचा तुकडा आला की बाकीचे काय करीत, हा प्रश्न ड्रमवाल्याला अवश्य विचारावा, कारण त्याला तो बारकाईने ऐकावाच लागत असे. बोलणे त्यांच्या परवानगीने मोबाइलवर मुद्रित करावे आणि कोणी चार बार गुणगुणून दाखवले तर मध्येच थांबवू नये. लष्करातल्या शिकवणीचे विद्यार्थी पुण्यातच असतील. मामा पहिल्या दिवशी काय वाजवायला सांगत, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे.