वाचकांचे प्रश्न : जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी का पडते?

प्रश्न : रामबागेत आमचं जुनं दुमजली घर आहे. दोन्ही मजल्यांना वेगळे मीटर, वेगळे डीबी (मेन स्विच, एमसीबी असलेली वितरण पेटी) आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारे स्विच) आहेत. जिन्यातला 9 वॅटचा एलईडी लावला की खालची आरसीसीबी पडते, कधी वरचीही. गिझर मात्र बिनबोभाट चालतो. मिस्त्री म्हणतो, "ती काढून टाका, एमसीबी (फ्यूजच्या जागचा आपोआप पडणारा स्विच) आहे ना! आणि न्यूट्रल नि अर्थ शेवटी एकच." खरं काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आरसीसीबी आपलं काम करते आहे, ती काढू नका. तिच्या आत एका लोखंडी कड्यातून फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) दोन्ही जातात. जितका करंट गेला तितकाच परत आला पाहिजे, फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत गेला की खटका पडतो. तुमच्या जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल बहुधा वरच्या मजल्याचा आहे. टू-वे स्विचच्या (एकच दिवा वरून-खालून लावायच्या) वायरिंगमध्ये जवळ सापडेल तो न्यूट्रल उसना घेऊन जोडायची खोड जुनीच. 9 वॅट भागिले 230 व्होल्ट म्हणजे 39 मिलिअँपिअर, प्रत्यक्षात थोडा जास्तच. खालच्या कड्याला तेवढा कमी पडतो, वरच्याला तेवढाच जास्त येतो. गिझरचा फेज आणि न्यूट्रल एकाच आरसीसीबीतून जातात, म्हणून तो कितीही करंट घेवो, फरक शून्य.

दुरुस्तीआधी दोन्ही मजल्यांचे मेन बंद करावेत. एकच बंद करून उसना न्यूट्रल सोडवला, तर दिव्यातून आलेला फेज त्या सुट्या टोकावर उभा असतो आणि काळी वायर म्हणून माणूस बेधडक हात लावतो. उसना न्यूट्रल काढून खालच्या डीबीच्या न्यूट्रल लिंकपासून (सगळे न्यूट्रल जोडतात त्या पट्टीपासून) 1.5 चौरस मिमीची वेगळी काळी वायर ओढावी. काम परवानाधारकाकडूनच.

एमसीबीचं म्हणाल तर ती ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी. समजा गिझरच्या अंगाला फेज लागला आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध 20 ओहम आहे. 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी त्यावर ढिम्म हलत नाही आणि आरसीसीबी नसेल तर गिझरचं अंग जिवंत राहतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तेव्हा हा रोध वाढतो. मोजणी मे महिन्यात करून घ्या. पावसाळ्यातला आकडा गोड दिसतो, पण खोटा.

न्यूट्रल आणि अर्थ ट्रान्सफॉर्मरपाशी जोडलेले असतात, मिस्त्रीचं अर्धं खरं तेवढंच. न्यूट्रलमधून रोज करंट परततो. अर्थमधून एरवी काहीच वाहायला नको. घरात दोन्ही जोडले आणि खांबाकडचा न्यूट्रल तुटला, तर फ्रिजपासून नळापर्यंत सगळ्या धातूवर फेज येऊ शकतो.

प्रश्न : डीबीतला आयसोलेटर म्हणजे मोठी एमसीबीच ना?

उत्तर : नाही. दिसतो तसाच, पण आपोआप कधीच पडत नाही. तो फक्त हाताने पुरवठा तोडायला.

प्रश्न : दुकानदार 3/20 वायरला 2.5 एमएम म्हणून देतो. चालेल?

उत्तर : 3/20 म्हणजे 20 गेजच्या तीन तारा. एक तार 0.914 मिमी जाड, तिचं क्षेत्रफळ 0.656 चौरस मिमी, तिन्हींचं मिळून 1.97. बाजारात ज्याला एमएम म्हणतात ते चौरस मिमी असतं, जाडी नव्हे. पॉवर सॉकेटला छापील 2.5 चौरस मिमीच मागा. दिव्यांच्या सब-सर्किटला 1.5 पुरते, त्यावर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा 800 वॅटपेक्षा जास्त भार मात्र टाकू नये.