डब्लिनला येऊन बिनधक्क्याचा गेलिक फुटबॉल सुरू करायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये नाशिकहून डब्लिनला येताय, घर लुकनला किंवा डब्लिन १५ मध्ये (दोन्ही शहराच्या पश्चिमेकडचे भाग) बघताय. एकजण हौशी फुटबॉल खेळणारा, एकजण कॉलेजपर्यंत खो-खो खेळलेली, दोघंही पस्तिशीत. आपल्या लोकांच्या क्रिकेटपलीकडे इथल्या माणसांत मिसळायचंय. गेलिक फुटबॉल, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा इथला आयरिश खेळ, व्हिडिओत बघून आवडला, पण ती धक्काबुक्की नको. बायका-पुरुष एकत्र खेळतील असा गट काढता येईल का?

येईल. फक्त स्वतःचा नवा क्लब काढू नका. इथे गेलिक म्हणजे जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, या खेळांची संघटना), आणि जीएए म्हणजे गावोगावचा, वस्तीवस्तीचा क्लब. मैदान, दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, भिंतीवरचं डिफिब्रिलेटर (बंद पडलेलं हृदय झटक्यानं चालू करायचं यंत्र) सगळं त्याच्याकडे आहे. तुमच्या भागात लुकन सार्सफील्ड्स, कॅसलनॉक असे क्लब आहेत. त्यांच्यातलाच एक हौशी गट म्हणून सुरुवात करा. उद्यानात चार कोन (खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू) मांडून खेळणं सोपं वाटतं, पण पहिलं बोट मोडलं की जबाबदारी कुणाची हा प्रश्न उभा राहतो, आणि तिथेच असे गट फुटतात.

असले गट इथे नवे नाहीत. स्त्रियांसाठी ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ २००८ पासून चालू आहे, पुरुषांसाठी ‘डॅड्स अँड लॅड्स’ आहे. दोन्ही स्पर्धेविना, चहा-बिस्किटांसकट. तुम्हाला हवंय ते या दोघांच्या मधलं, म्हणून क्लबला नवल वाटणार नाही. अडचण येते ती कागदावर. पुरुषांचा खेळ जीएए बघते, स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची १९७४ साली स्थापन झालेली वेगळी संघटना आहे. कमोगीचीही (काठी-चेंडूच्या हर्लिंगचा स्त्रियांचा खेळ) वेगळी. तिन्ही एकत्र आणायचं काम चालू आहे आणि २०२७ चं लक्ष्य ठरलंय. तोवर ‘फॉरन’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर पुरुषांची नोंदणी एका संघटनेखाली आणि स्त्रियांची दुसऱ्या, असंच धरून चाला. म्हणून क्लबच्या सेक्रेटरीला एक प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या: ‘मिश्र सराव दोन्हीकडच्या दुखापत निधीत बसतो का?’ हा निधी म्हणजे विमा नव्हे. दुसरीकडून न मिळालेल्या खर्चाचा काही भाग तो भरून देतो, तोही नोंदलेल्या सदस्याला, अधिकृत सरावात लागलं असेल तर. नोंदणी होईपर्यंत कुणालाही मैदानात उतरवू नका. ‘आज नुसतं बघायला आलोय’ म्हणणारा हटकून दहाव्या मिनिटाला बूट घालतो. डॉक्टरच्या चिठ्ठीविना थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलात तर १०० युरो लागतात, हेही सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

वेळेचा हिशेब असा ठेवा. ऑगस्टमध्ये आलात की आधी घर, इमिग्रेशनची नोंदणी (९० दिवसांच्या आत), बँक. या काळात गट काढू नका, फक्त शनिवारी सकाळी क्लबवर जा. चार ते सात वर्षांच्या पोरांची नर्सरी, म्हणजे खेळाचा पहिला वर्ग, तेव्हा असते आणि हातात कॉफीचा कप धरून कुडकुडत उभे असलेले आई-बाप म्हणजे तुमचे पहिले वीस खेळाडू. त्यांतल्या निम्म्यांनी शाळेत गेलिक खेळलेलं असतं आणि गुडघा किंवा लग्न यांपैकी कशानं तरी ते सुटलेलं असतं. ऑक्टोबरात कमिटीला एका पानाचं पत्र द्या, कारण क्लबच्या वार्षिक सभा साधारण वर्षअखेरीस होतात आणि पुढच्या वर्षीच्या वेळा त्याच सुमारास ठरतात. इथे सेक्रेटरीसुद्धा बिनपगारी असतो, दिवसा नोकरी करतो. उत्तर रात्री दहाला आलं किंवा दोन आठवडे आलं नाही तर रागावू नका, शनिवारी गाठून बोला. पत्रात ‘फुटबॉल’ लिहिलं तरी ते गेलिकच समजतील. आपल्याकडच्या फुटबॉलला इथे ‘सॉकर’ म्हणायचं.

हिवाळ्यात सुरू करायचा हट्ट धरू नका. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, गवताचं मैदान पावसानं बंद ठेवतात आणि दिव्याखालचा अ‍ॅस्ट्रो (कृत्रिम गवताचं मैदान) मुलांच्या आणि मोठ्या संघांच्या ताब्यात असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे गेलं की एप्रिलात आठच्या पुढेही उजेड राहतो. तेव्हा मुलांचा सराव संपल्यावरचा एक तास मागा. पूर्ण मैदान मागू नका, कुणी देणार नाही. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं, त्यावर गोलरेषेपासून १३, २०, ४५ आणि ६५ मीटरवर रेषा मारलेल्या असतात. गोलरेषा आणि ४५ ची रेषा यांमधला पट्टा आडवा वापरा: ४५ मीटर रुंदी आयती मिळते, लांबीत ६० मीटर कोन लावून घ्या. सातास सात खेळायला एवढं पुष्कळ. टोकांना सुटे खांब लागतील, ते वाळूच्या पिशव्यांनी दाबल्याशिवाय उभे करू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बहुतेक गट चुकतात. ‘आपण सगळे सभ्य आहोत, जपून खेळू’ एवढ्यावर धक्का थांबत नाही. गेलिकमध्ये अंगाला अंग लागायच्या ठरावीक तीन जागा आहेत. त्या नियमानंच बंद कराव्या लागतात.

पहिली, जमिनीवरचा मोकळा चेंडू. पुरुषांच्या खेळात तो थेट हातानं उचलता येत नाही, बुटाचं टोक खाली घालून वर आणावा लागतो. त्यासाठी दोघं एकदम वाकतात आणि डोक्याला डोकं लागतं. स्त्रियांच्या खेळात उभं राहून थेट हातानं उचलायला परवानगी आहे. तोच नियम सगळ्यांना लावा. मात्र त्याच दिवशी जमिनीवरच्या चेंडूला लाथ मारणंही बंद करा. हे दोन्ही एकत्र चालू ठेवलं की एकाचा हात खाली आणि दुसऱ्याचा बूट त्याच जागी, मग बोट गेलंच म्हणून समजा. सॉकर खेळलेल्यांचा पाय सवयीनं सुटतो, तेव्हा घरातल्या फुटबॉलवाल्याला हे दोनदा सांगा. चेंडूवर जो आधी वाकेल त्याचा चेंडू, बाकीच्यांनी दोन मीटर मागे. लोळण घ्यायची नाही.

दुसरी, उंच चेंडू. गेलिकची शान त्यातच आहे हे मान्य, पण हवेत उडालेला माणूस खाली कुणाच्या पायावर येईल सांगता येत नाही. मधल्या रेषेवर चेंडू वर टाकून सुरुवात करायची पद्धत सोडा, हँडपासनं (हातानं मारून दिलेला पास) सुरू करा. चेंडू परत खेळात आणणारी लाथ मधल्या रेषेपलीकडे जाऊ देऊ नका. तरीही चेंडू उंच गेलाच तर खालच्यानं स्वतःचं नाव घेऊन ओरडायचं, बाकीच्यांनी उडी मारायची नाही. ‘माझा!’ दोघंही ओरडतात, नाव एकाचंच असतं. क्रिकेटमध्ये उंच झेल घेणाऱ्यांना हे पटकन जमतं.

तिसरी, चेंडू घेऊन पळणारा. नियम असा: हातात चेंडू घेऊन चार पावलांपेक्षा जास्त नाही. पुढे एकतर टप्पा पाडायचा किंवा ‘सोलो’, म्हणजे बुटावर टाकून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत, सोलो कितीही चालतात. नवशिका सोलो करताना मान खाली घालतो आणि समोरच्यावर जाऊन आदळतो. म्हणून पहिले दोन महिने एक टप्पा किंवा एक सोलो, मग पास द्यायचाच. बचाव करणाऱ्यानं हातभर अंतर ठेवून मोठ्यानं एक-दोन-तीन मोजायचं. तीनला चेंडू सुटला नाही तर तो समोरच्यांचा. हातातला चेंडू हिसकवायचा नाही, अडवायचा तो उघड्या हातानं, लाथ बसून सुटल्यावर. पाय घालून लाथ अडवणं मूळ खेळातही फाउलच आहे. काहीजण कंबरेला टॅगचे पट्टे (पकडण्याऐवजी ओढून काढायच्या फिती) सुचवतील, कारण टॅग रग्बी इथे मिश्र संघांत भरपूर चालते. पण टॅग ओढायला खाली गेलेला हात आणि सोलोसाठी वर आलेला गुडघा यांचं जमत नाही. अंगाला हात लावून थांबवणं तर मिश्र गटात नकोच, निम्म्या लोकांना अवघड वाटतं आणि ते सांगत नाहीत, नुसते यायचे बंद होतात. मोजणं बरं.

गोलकीपर ठेवू नका. जवळून मारलेला चेंडू तोंडावर बसतो. खांबांसमोर आठ मीटरची कमान आखा, तीत कुणीच उभं राहायचं नाही, आणि फक्त दोन खांबांमधल्या आडव्या दांडीवरून गेलेला एक गुण मोजा. मूळ खेळात दांडीखालचा गोल तीन गुणांचा असतो, २०२५ पासून पुरुषांच्या खेळात ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला दोन मिळतात. तुमच्याकडे ते आणलंत तर जो तो लांबूनच पाय मारत बसेल.

स्त्रीनं मारलेल्या गुणाला दुप्पट मोजायचा मोह होईल, तो आवरा. त्यानं बाईला संघात घेतात ते गुणांसाठी, आणि तिला ते कळतं. त्यापेक्षा सातांत किमान तीन स्त्रिया, शक्यतो बाईसमोर बाई, आणि चेंडू चार नंबरचा. पाच नंबरचा ४८० ते ५०० ग्रॅमचा असतो, ओला झाला की नव्या हातांना सोसत नाही. सोळाजणांना आठ चेंडू तरी हवेत, नाहीतर लोक रांगेत उभे राहून गारठतात. बाकी दोन रंगांचे दहा-दहा बिब (संघ ओळखायला वरून घालायची बनियनं), चाळीस कोन, हवेचा पंप आणि दोन जादा सुया, बर्फाच्या पिशव्या. गमशील्ड (दातांवर बसवायचं कवच) मूळ खेळात २०१४ पासून सगळ्या पुरुष खेळाडूंना सक्तीचं आहे. तुमच्या खेळात धक्का नसला तरी घाला, कोपर कुणाला विचारून लागत नाही. बुटाला प्लॅस्टिकचे साचेबंद खिळे असावेत. ओल्या गवतावर पळायचे बूट घसरतात, आणि धातूचे खिळे अ‍ॅस्ट्रोवर चालत नाहीत. अंगठ्या, कडं, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून ठेवायचं. अंगठी जाळीत किंवा दुसऱ्याच्या बिबात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. अंगठी निघतच नसेल तर त्या दिवशी शिट्टी वाजवा, खेळू नका.

नाशिकमध्ये असतानाच सराव सुरू करता येईल. गेलिकचा चेंडू तिकडे मिळणार नाही, पण साधा पाच नंबरचा फुटबॉल घेराला तेवढाच असतो, ६८ ते ७० सेंटिमीटर, वजनाला जरा हलका. हँडपाससाठी एका तळव्यावर चेंडू ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं तो मारा, मारलेलं दिसलं पाहिजे. फेकलात तर फाउल. व्हॉलिबॉलच्या खालून मारायच्या सर्व्हिससारखंच, फक्त चेंडू वर उडवायचा नाही. सोलोत सगळ्यांची चूक एकच असते: चेंडू छातीपासून सोडतात आणि लेसच्या जागेवर घेतात, मग तो डोक्यावरून जातो. चेंडू कंबरेपासून सोडा, पायाचा पंजा स्वतःकडे ओढलेला ठेवा, बोटांनी चेंडूला खालून हलकासा उचला. तो उलटा फिरत वीतभर उडून हातात आला पाहिजे. आधी उभ्यानं पन्नास वेळा, मग चालत, पळत सगळ्यात शेवटी. खो-खोवाल्यांचं वळणं आणि एकदम थांबणं इथे फार उपयोगी पडतं, त्यामुळे कोण आधी तरबेज होईल याची पैज लावू नका.

तासाची मांडणी साधी: पंधरा मिनिटं अंग गरम करणं (‘जीएए १५’ नावाचा ठरलेला व्यायामक्रम आहे, तोच घ्या), पंधरा मिनिटं पास आणि सोलो, मग सहा-सहा मिनिटांचे चार डाव, दर डावाला संघ बदलून. अंग गरम करणं गाळलंत तर पोटरी आणि मांडीची मागची शीर पहिल्याच महिन्यात धरते. आठवडाभर खुर्चीत बसलेली माणसं एकदम पळतात त्याचा हा हिशेब. चौदाजण खेळायला हवे असतील तर यादीत सव्वीस-अठ्ठावीस नावं लागतात. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घ्या आणि दहाच्या खाली आकडा आला तरी रद्द करू नका, पाचास पाच खेळा. दोनदा रद्द झालेला गट तिसऱ्यांदा जमत नाही.

एखादा काउंटी (जिल्हा) पातळीवर खेळलेला बाबा येईल आणि त्याच्या अंगात येईल. त्याला काढू नका, शिट्टी त्याच्या हातात द्या. अठराखालच्या मुलामुलींना मात्र या गटात घेऊ नका. त्यांच्याबरोबर काम करायला गार्डा व्हेटिंग (आयरिश पोलिसांकडून पूर्वचौकशी) आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. ते क्लबमार्फत होतं, पण वेळ खातं. आणि मराठी मंडळींना जरूर बोलवा, पण सुरुवातीला यादीत निम्म्याहून जास्त नकोत. मैदानावर मराठीत आरडाओरडा सुरू झाला की तिथली दोन-चार आयरिश माणसं कडेला सरकतात, आणि तुम्ही ज्यासाठी हे काढलं तेच राहून जातं. खेळ संपल्यावर क्लबहाउसात चहा असतो, दूध घातलेला आणि कडक. ती वीस मिनिटं चुकवून घरी पळू नका. पुढच्या आठवड्याची यादी तिथेच भरते.